प्रूफकाकांनी निवडलेली लोकर

काकूंचं हसू ओसरलं तोवर चहावर साय धरली होती.

प्रूफकाका खुर्चीच्या अगदी कडेवर बसून वाट पाहत होते. आपण नेमकं काय विनोदी बोललो हे त्यांना अजून कळलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, "मग मी विणतो."

"तुम्ही?" काकूंनी डाव्या हाताने डोळे पुसले. उजवा हात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. "अहो, शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही शर्ट बदलता!"

हे खरं होतं. पण खरं असलं म्हणून माणसाने इतकं हसावं असं नाही, असं काकांना वाटलं. वाटलं ते त्यांनी नेहमीप्रमाणे मनातच ठेवलं.

प्रसंग तसा गंभीर होता. लेकीला ऐन थंडीत बाळ होणार होतं, आणि काकूंनी विहीणबाईंना फोनवर ठणकावून सांगितलं होतं की बाळाची पहिली दुलई मी विणणार. साधीसुधी नाही, क्रोशाची, उठावाच्या विणीची. कडेने वेण्या आणि मध्ये टपोरे दाणे. त्यावर विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "करा ना हो. मीही एक करतेच आहे. बाळाला काय, एक अंगावर घालू, एक खाली अंथरू." अंगावर कोणती आणि खाली कोणती, हे त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं. काकूंना ते न बोललेलंच जास्त लागलं होतं. आणि त्या बोलण्याला आठवडा उलटायच्या आत काकू न्हाणीघरात घसरल्या.

प्रूफकाकांनी सगळं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं होतं. दुसऱ्यांनी लिहायचं आणि यांनी त्यातल्या चुका काढायच्या. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात लाल पेन्सिल असे, आणि जिन्यात लावलेल्या सूचना आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते हळूच दुरुस्त करत. त्यांच्या पेन्सिलीला सगळ्या खुणा येत. हे गाळा, ते जोडा, इथे जागा सोडा. एकच खूण ते क्वचित वापरत. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची, की त्याचा अर्थ होतो 'आहे तसं राहू द्या'. काही राहू देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. म्हणूनच की काय, इतकी वर्षं पुस्तकांत काढून त्यांनी स्वतःची अशी एक ओळ लिहिली नव्हती. आपण काही केलं तर त्यात चूक राहणार, आणि ती सगळ्यात आधी आपल्यालाच दिसणार, ही त्यांची कायमची धास्ती.

अशा माणसाने 'मी विणतो' म्हणावं, हे खरं तर हसण्यासारखं नव्हतंच. ते शौर्य होतं. पण शौर्य ओळखायला लागणारी शांतता त्या वेळी घरात नव्हती.

"बरं," काकू अखेर म्हणाल्या. "शिकवीन मी. हात मोडलाय, तोंड नाही मोडलेलं. पण एक अट आहे. लोकर तुम्ही निवडून आणायची. कोणती, ते मी सांगणार नाही."

"अगं, पण मला त्यातलं काय कळतं?"

"तेच तर बघायचंय. उठावाच्या विणीला कुठलीही लोकर चालत नाही. जी चालते ती जर तुम्हाला ओळखता आली, तर मी समजेन की तुम्हाला वीण दिसते. दिसतच नसेल, तर मी काय कपाळ शिकवणार?"

"आणि नाहीच ओळखता आली तर?"

"तर विहीणबाईंची दुलई अंगावर," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि आपली दुकानातून आणलेली."

आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. काकांनी गार चहा एका घोटात संपवला, खुंटीवरचा बिनबाह्यांचा स्वेटर अंगात अडकवला आणि ते बाहेर पडले. त्यांना थंडी फार वाजे. बाकी सगळे नुसत्या शर्टावर फिरत असताना यांच्या अंगात तो स्वेटर असायचाच. किती वर्षं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

अडचणीत सापडलेला दुसरा एखादा माणूस दुकानात गेला असता. काका वाचनालयात गेले. क्रोशाकामावरचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी शोधून काढलं आणि दोन दिवस ते मन लावून वाचलं. पुस्तक परत केलं तेव्हा ते पूर्वीपेक्षा पुष्कळच शुद्ध झालं होतं. मात्र काकांच्या ज्ञानात म्हणावी तशी भर पडली नव्हती. लोकरीच्या निवडीचं आख्खं प्रकरण त्यांनी वाचलं होतं, पण तिथे विरामचिन्हांचा इतका गोंधळ होता की मजकुराकडे बघायला सवडच झाली नाही.

तेव्हा त्यांनी स्वतःची बुद्धी चालवली. बुद्धीने सांगितलं की उठावाची वीण हवी, तर लोकरही उठावाचीच हवी. हे इतकं सरळ होतं की ही बाई याची परीक्षा तरी कशाला घेतेय, असं त्यांना वाटून गेलं.

लोकरीचं दुकान बाजारपेठेच्या कोपऱ्यावर होतं. आत सगळ्या बायका. काका दारात उभं राहून दुकानाची पाटी वाचू लागले. पाटीत चूक नव्हती, त्यामुळे वाचन लवकर संपलं.

"काका, मिसेसची वाट बघताय का?" दुकानवाल्या बाईंनी आतून विचारलं.

आता याला 'नाही' असं सोपं उत्तर होतं. पण अनोळखी बाईला एकदम 'नाही' म्हणणं काकांना उद्धटपणाचं वाटलं. ते म्हणाले, "हो."

"मग बसा ना. ते स्टूल घ्या."

ते स्टूल खास नवऱ्यांसाठी होतं. त्यावर आधीच एक गृहस्थ बसले होते, ते जरा सरकले. त्यांची बायको आली, ते गेले. दुसरे आले, त्यांचीही बायको खरेदी आटोपून त्यांना घेऊन गेली. काका मात्र घरी प्लॅस्टर घालून बसलेल्या बायकोची दुकानात वाट बघत बसून राहिले. दुपारी दुकानवाल्या बाई शटर अर्धं ओढत म्हणाल्या, "काका, तुमच्या मिसेस मागच्या दाराने गेल्या वाटतं!"

काकांचे कान लाल झाले. ते घाईघाईने उठले, हाताला लागली ती सगळ्यात फुगीर, केसाळ, झिपरी लोकर त्यांनी उचलली आणि म्हणाले, "हीच आणायला सांगितली होती."

"ही?" बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. स्वेटर मात्र छान आहे हो तुमचा. घरी केलेला?"

"हो," काका जमिनीकडे बघत म्हणाले आणि निसटले.

काकूंनी लोकर हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि समोरच्या वहिनींना हाक मारली. समोरच्या वहिनींच्या हातात सुई चांगली चाले, आणि जीभ त्याहून चांगली.

"जरा तळहाताएवढं विणून दाखवा हो यांना. मध्ये दाणे घाला."

वहिनींनी विणलं. तुकडा काकांच्या मांडीवर आला. तो नुकत्याच झोपेतून उठलेल्या मांजरासारखा दिसत होता.

"दाणे घातले?" काकांनी विचारलं.

"घातलेत की."

"कुठे?"

"ते आता मलाही सांगता नाही यायचं," वहिनी म्हणाल्या. "आहेत आत कुठेतरी. हात घालून बघा."

काकांनी बोट फिरवलं. दाणे होते, पण झिपऱ्यांच्या आड लपून बसले होते. "दाणे जरा लहान झाले असतील," ते चाचरत म्हणाले.

काकूंनी नुसतं "हं" केलं. परीक्षकाने ओठ घट्ट मिटून करावं, तसलं.

त्या संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. बातमी काकांच्या आधीच खाली पोचली होती. सेक्रेटरी पूर्वी गोदामाचे व्यवस्थापक होते. जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते 'मळेल का?' या एकाच नजरेने बघत.

"प्रूफकाका, लहान मुलाची वस्तू आहे ना? मग गडद घ्या. अगदी गडद. आम्ही जिन्याला तो चॉकलेटी रंग का दिला? काही दिसत नाही त्यावर."

"पण बाळाला काळपट..."

"बाळाला काय कळतंय? धुणाराला कळतं! बाकी स्वेटर फर्स्टक्लास हं तुमचा. हलक्या रंगाचा असून मळलेला वाटत नाही. काकू रोज धुतात का?"

काका दुसऱ्या दिवशी रात्रीसारख्या गडद निळ्या रंगाची लोकर घेऊन आले. ती गुळगुळीत होती, केसाळ नव्हती. समोरच्या वहिनींनी पुन्हा तुकडा विणला. काकूंनी तो काकांच्या हातात दिला, टेबलावरचा दिवा लावला आणि म्हणाल्या, "दाखवा. वेणी कुठे आहे?"

काकांनी तुकडा दिव्याखाली धरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अख्खं आयुष्य ज्या डोळ्यांनी ठिपक्याएवढी चूक हेरली, त्यांना एक सबंध वेणी सापडेना.

"डाग दिसत नाहीत, एवढं मात्र खरं," काकू म्हणाल्या. "डागही नाहीत, वीणही नाही. जिन्याला घाला ही."

तिसरी लोकर समोरच्या वहिनींनी सुचवली. दोन तुकडे विणून त्यांचा या प्रकरणात जीव अडकला होता. "काका, फोनवरून मागवू. एकाच गुंड्यात सात-आठ रंग असतात बघा, आपोआप बदलत जातात. काय सुंदर दिसतं! आणि बाळाला रंग आवडतात." फोन त्यांचा, पण खातं काकूंचं, म्हणून पार्सल काकूंच्या नावावर आलं. आलं म्हणजे घरी नाही आलं. घरी एक चिठ्ठी आली की पार्सल टपाल कचेरीत येऊन घेऊन जावं. दोघं गेली.

खिडकीमागचा कारकून सुस्वभावी होता. नियमांनी बांधलेली माणसं अनेकदा असतात.

"कोणाच्या नावावर आहे?"

"हिच्या," काका म्हणाले.

"मग ह्यांनी सही करावी. आणि ओळखपत्र दाखवा."

काकूंनी डाव्या हाताने सही केली. ती सही नव्हती, वादळात सापडलेली होडी होती. कारकुनाने ती ओळखपत्राशी ताडून पाहिली.

"जुळत नाही."

"उजवा हात मोडलाय," काकूंनी प्लॅस्टर खिडकीवर टेकवलं.

"ते दिसतंय मला, बाई. पण ओळखपत्रावर उजव्या हाताची सही आहे."

"मग करायचं काय?"

"प्लॅस्टर निघालं की या."

"तोवर पार्सल ठेवाल?"

"नाही. तोवर परत जाईल."

"मग यांच्या हातात द्या. माझेच यजमान आहेत."

"देतो की. त्यांच्या नावाचं अधिकारपत्र आणा."

"ते कोणी द्यायचं?"

"तुम्ही. खाली सही करून."

काकूंनी एक दीर्घ श्वास घेतला. तो श्वास ओळखून काका दोन पावलं मागे सरले. "भाऊ," त्या म्हणाल्या, "हात मोडल्यावर उजव्या हाताने सही कशी करतात, ते तुम्ही एकदा करून दाखवा. मी शिकून घेते."

मागची रांग हसली. कारकून बिचकला. आणि नेमक्या त्या वेळी, घाबरल्यावर काहींना जांभई येते तशी, काकांच्या हाताला सवय आली. समोर अर्जाचा छापील नमुना होता. मथळ्यातच चूक होती. लाल पेन्सिल कधी बाहेर आली आणि तिने काय केलं, हे काकांना कारकून ओरडल्यावरच कळलं.

"अहो! सरकारी नमुना आहे तो! त्यावर तुम्ही लाल रेघा मारल्यात?"

काकांचा चेहरा त्या रेघांच्या रंगाचा झाला. प्रकरण आत साहेबांकडे गेलं. साहेबांनी नमुना बराच वेळ न्याहाळला, खणातून दुसरा काढला, तो न्याहाळला आणि खिन्नपणे म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण हे असंच छापतोय?"

"तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नसेल," काका अपराधी आवाजात म्हणाले. "अजून दोन ठिकाणी आहेत, पण जाऊ द्या."

"जाऊ कसं द्यायचं? बसा. चहा घेणार?"

पार्सल मिळालं. पण काकांना दुपारभर साहेबांच्या केबिनमध्ये बसून कचेरीतले सगळे नमुने तपासून द्यावे लागले, आणि काकू पंख्याखाली बसून कारकुनाच्या आईच्या गुडघेदुखीवर उपाय सांगत राहिल्या. निघताना साहेब म्हणाले, "आभारी आहे. आणि तुमचा स्वेटर... माझ्या आईनं असं काहीसं केलं होतं. हल्ली दिसत नाही असलं काम."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका चपला शोधत होते.

त्या लोकरीचा तुकडा विणून झाला तेव्हा समोरच्या वहिनीही गप्प झाल्या. लाल, पिवळा, हिरवा, जांभळा असे सगळे रंग एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, आणि त्यांच्या भांडणात बिचाऱ्या दाण्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

"सुंदर आहे," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "पण वीण नाही दिसत."

"का नाही दिसत?" काकूंनी काकांना विचारलं.

काकांनी तुकडा उलटा करून पाहिला. त्यांना कळत नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. डॉक्टर म्हणताहेत की बाळ जरा आधीच येईल. आणि आई, सासूबाईंची दुलई झालीसुद्धा, गुलाबी आहे, आणि इतकी मऊ!

काकू फोनवर "अरे वा" म्हणाल्या. मग त्या प्लॅस्टरच्या हाताकडे नुसत्या बघत बसल्या. मनगटाशी खाज येत होती, पण तिथवर बोट पोचत नव्हतं. काकांनी पुस्तकांच्या कपाटातली लांब पट्टी आणून दिली. काकूंनी ती प्लॅस्टरमध्ये सरकवली. त्या बोलल्या असत्या, हसल्या असत्या, तर काकांना बरं वाटलं असतं.

काकांना दुःख झालं की ते वाचत. त्यांनी हाताला येईल ते पुस्तक काढलं. त्यांनी तपासलेलं हे अगदी पहिलं पुस्तक, पानं आता सायीच्या रंगाची झालेली. ते वाचू लागले आणि प्रकरण संपेपर्यंत वाचत राहिले. मग थांबले. आपण इतका वेळ वाचलं, आणि ह्या पुस्तकाचा कागद कसा आहे, अक्षराचं वळण कसं आहे, इकडे एकदाही लक्ष गेलं नाही. साधं अक्षर, फिका कागद. म्हणून तर शब्द दिसले.

छापखान्यातलं एक गिऱ्हाईक त्यांना आठवलं. त्या कवीने हट्टाने आपल्या कविता फुलाफुलांच्या रंगीत कागदावर, वेलबुट्टीच्या अक्षरात छापून घेतल्या होत्या. लोकांनी पुस्तकाची तोंडभरून स्तुती केली. कविता मात्र कुणालाच वाचता आल्या नाहीत.

काका ताडकन उभे राहिले.

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"वाचायचं असेल तर कागदाने गप्प बसायला हवं!" काका म्हणाले आणि स्वेटर अंगात चढवत घरातल्या सपातांवरच जिना उतरले. जिन्यात लावलेल्या नव्या सूचनेत दोन चुका होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लोकरीच्या दुकानात संध्याकाळची गर्दी होती. काका स्टुलाकडे गेले नाहीत. ते थेट काउंटरपाशी गेले आणि इतक्या मोठ्या आवाजात बोलले की स्वतःच दचकले.

"लोकर हवी. गुळगुळीत. एकरंगी आणि फिकी. केस नकोत, चमक नको, चट्टेपट्टे नकोत. पीळ घट्ट हवा, म्हणजे टाका ताठ उभा राहील. फार जाड नको, फार बारीकही नको. लोकर दिसायलाच नको. वीण दिसायला हवी!"

स्टुलावरचे गृहस्थ आदराने उभे राहिले. दुकानवाल्या बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि काकांच्या छातीकडे बोट केलं.

"म्हणजे तुम्ही घातलीय तशी?"

काकांनी खाली पाहिलं.

सायीच्या रंगाची, गुळगुळीत, घट्ट पिळाची लोकर. दोन्ही बाजूंनी चढत गेलेल्या वेण्या, एकीखालून दुसरी, दुसरीवरून तिसरी. मधोमध दाण्यांच्या ओळी, प्रत्येक दाणा बोरासारखा टपोरा, प्रत्येकाला स्वतःची सावली. काकूंनी लग्नानंतर त्यांच्यासाठी क्रोशाने विणलेली ही पहिली वस्तू. इतकी वर्षं त्यांनी ती घातली होती, आणि वाचली एकदाही नव्हती.

"हो," काका पुटपुटले. "अशीच."

आता एवढ्यावर गोष्ट संपायला हवी. पण लोकर विकत घेणं इतकं सोपं असतं तर जगात एवढ्या बायका वैतागलेल्या दिसल्या नसत्या. त्या लोकरीचे गुंडे शेल्फावर होते, पण दुलईला कमी पडणारे. "एकाच लॉटमधली घ्यायला हवी," बाई म्हणाल्या, "नाहीतर रंगात फरक येतो. अर्धी दुलई साय, अर्धी ताक. आणि ह्या लॉटचे उरलेले आत्ताच ह्यांनी घेतले."

'ह्या' म्हणजे एक धिप्पाड बाई. त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली होती.

"मला हवेत ते," त्या म्हणाल्या.

"बाळासाठी दुलई आहे," काका म्हणाले. "हिचा हात मोडलाय. मी विणणार आहे."

"तुम्ही?" असं सगळं दुकान एकदम म्हणालं.

धिप्पाड बाई विरघळल्या, पण फुकट नव्हे. "गुंडे देते. पण ती वेणी कशी फिरवलीय ते मला नीट बघू द्या. मागून पण."

आणि जो माणूस कुणी टक लावून पाहिलं तर वाक्य अर्ध्यावर सोडत असे, तो लोकरीच्या दुकानात मधोमध हात थोडे वर करून उभा राहिला. बायका भोवती जमल्या. एकीने दाणा चिमटीत धरला. एकीने "जरा वळा हो काका" म्हणून त्यांना खांद्याला धरून फिरवलं. दुसरी म्हणाली, "श्वास रोखून धरा, टाके मोजतेय." काकांनी श्वास रोखला. लाजेने मरावं असं त्यांना वाटत होतं, आणि त्याच वेळी छाती आपोआप फुगत होती. टाके पुन्हा मोजावे लागले.

घरी येऊन त्यांनी पिशवी काकूंच्या मांडीवर ओतली. काकूंनी डाव्या हाताने एक गुंडा उचलला, गालाला लावला आणि डोळे मिटले.

"दर वेळी तुम्ही तो स्वेटर घालून लोकर शोधायला निघायचात," त्या म्हणाल्या, "आणि मी मनात म्हणायची, आज तरी हा माणूस खाली बघेल!"

"सांगायचंस तरी."

"सांगून दिसलेलं काय कामाचं?"

शिकवणी सुरू झाली. साखळीचा टाका, खांबाचा टाका, मग दाणा. शिकवणाऱ्या बाईंना हात लावता येत नव्हता आणि शिकणाऱ्याला सुई कुठून धरायची ते कळत नव्हतं. "आत घाला, आत! अहो, त्या छिद्रात नाही, शेजारच्या!" या आरोळ्या तळमजल्यापर्यंत ऐकू जात. सेक्रेटरी एकदा काळजीने वर येऊन गेले. पण खरी अडचण वेगळीच होती. काका दिवसभर विणत, संध्याकाळी विणलेलं तपासायला बसत, चूक काढत आणि तिथपर्यंत उसवून टाकत.

"अहो, अशाने बाळ शाळेतून घरी येईल तेव्हा दुलई होईल," काकू करवादल्या. "आजपासून उसवणं बंद. तपासायचंच नाही."

न तपासता पुढे जायचं! काकांना ते नदीत डोळे मिटून उडी टाकण्यासारखं वाटलं. त्यांनी टाकली. आणि नवल म्हणजे हात चालू लागले. वेण्या चढू लागल्या, दाणे धरू लागले. काकूंचं प्लॅस्टर निघालं, बोटं अजून आखडलेली होती. त्या नुसत्या शेजारी बसून गुंडा सोडवत राहिल्या. सुई मागून घ्यावी असं त्यांना दोनतीनदा वाटलं, पण काकांची जीभ दातांत धरलेली बघून त्या थांबल्या.

मुलगी झाली. लेक तिला घेऊन माहेरी आली आणि सोबत विहीणबाई आल्या. त्यांची गुलाबी दुलई खरोखरच ढगासारखी मऊ होती. बाळाला तिच्यात गुंडाळताच एक झिपरी नाकाशी गेली आणि बाळ शिंकलं. मग पुन्हा शिंकलं.

"मोकळ्या हवेची सवय नाही अजून," विहीणबाई म्हणाल्या.

काकूंनी सायीच्या रंगाची दुलई पुढे केली. बाळ तिच्यात गेलं, एक दाणा इवल्या मुठीत सापडला आणि तो घट्ट धरून शांत झालं.

विहीणबाई वाकल्या. त्या जुन्याजाणत्या विणणाऱ्या. त्यांचं बोट वेणीवरून चढलं, दाण्यांच्या ओळीवरून सरकत गेलं आणि मध्येच थांबलं.

"इथे एक दाणा नाहीये."

काकांनी पाहिलं. खरंच, भरल्या ओळीत एक जागा सपाट होती. आयुष्यभर धास्ती घेतलेली ती घटका ही अशी, चारचौघांत, पाहुण्यांसमोर आली होती. त्यांना वाटलं, आता चटकन माफी मागावी.

"माझी चूक," ते म्हणाले. "ही दुलई मी विणलीय. हिने नाही."

"तुम्ही?" विहीणबाई सरळ झाल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, दुलईकडे पाहिलं आणि एकदम खळखळून हसल्या. "अहो व्याहीबुवा, एक दाणा गळलाय ते दिसलं, कारण बाकीचे सगळे लख्ख दिसताहेत! माझ्या दुलईत मी किती ठिकाणी चुकलेय, शोधून दाखवा बघू. त्या झिपऱ्यांनी सगळं पोटात घातलंय. कधीपासून विणतेय मी, पण उठावाच्या कामाला झिपरी लोकर घेतली की मेहनत मातीत, हे दर वेळी विणून झाल्यावरच आठवतं. ही लोकर कोणी निवडली?"

काकू या प्रश्नाची किती दिवस वाट बघत होत्या! पण उत्तर देताना त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"ह्यांनी. मी काही सांगितलं नव्हतं."

"मग हीच अंगावर," विहीणबाई म्हणाल्या. "माझी खाली घाला. मऊ आहे, खाली बरी."

सगळे चहाला आत गेले, तरी काका पाळण्यापाशीच उभे होते. त्यांची नजर त्या सपाट जागेवरून हलत नव्हती. काकू जवळ आल्या.

"बोचतेय?"

"उसवून नीट करता येईल. फार नाही, चार ओळी."

"अहो, जरा इकडे बघा," काकूंनी त्यांच्या स्वेटरला हात घातला आणि दाण्यांच्या अगदी डावीकडच्या ओळीत, छातीशी, बोट टेकवलं. काकांनी मान वाकवून पाहिलं. तिथे एक दाणा नव्हता. सपाट जागा होती.

"पहिलाच होता माझा," काकू म्हणाल्या. "घालायला दिला तेव्हा धाकधूक होती. एवढा चुका काढणारा माणूस, आता बघेल, मग बघेल. अजून वाट बघतेय."

काकांनी त्या सपाट जागेवरून बोट फिरवलं. आयुष्यभर ज्यांच्या डोळ्यांतून काना सुटला नाही, त्यांच्या छातीवरची चूक इतकी वर्षं त्यांच्यासोबत फिरत होती, ऊब देत होती.

त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. लाल पेन्सिल बाहेर आली, पण लोकरीवर पेन्सिल चालवायची नसते एवढं आता त्यांना कळत होतं. त्यांनी ती परत ठेवली. मग पाळण्यात वाकून त्यांनी त्या सपाट जागेखाली बोटाच्या टोकाने हलकेच टिंबं दिली. एक, दोन, तीन.

बाळाने मुठीतला दाणा सोडला आणि त्यांचं बोट धरलं.